अमावस्येआधी घेतलेला बोर्ड

त्या वर्षी आम्ही घरात कापसावर झोपायचो. ऐकायला गादीसारखं वाटतं, पण तसं काही नव्हतं. बोंडअळीचं साल होतं. निम्मी बोंडं फुटलीच नाहीत. फुटली त्यांतला बराच कापूस पिवळा आणि चिकटलेला निघाला, आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. त्यात भाव पडलेला. बाबा म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबू. म्हणून दोन खोल्यांपैकी आतली खोली जवळजवळ आढ्यापर्यंत कापसाने भरली, आणि बाहेरच्या खोलीत चूल, देव, धान्याची कोठी आणि आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि धाकटी वैशू. जागा पुरेना तेव्हा आम्ही दोघी बहिणी ढिगावर चढून झोपायला लागलो. कापूस फार दिवस घरात राहिला की अंगाला खाज सुटते. आई कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आमचे हातपाय पुसायची. वैशू वर्गात सारखी खाजवायची, म्हणून तिला मागच्या बाकावर एकटी बसवलं होतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यासही मी काही वर्षांपूर्वी अशाच एका ढिगावर बसून केला होता, कारण झरोक्याचा उजेड तिथे चांगला यायचा. बाबांकडच्या आणि आईकडच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे.

आता बोर्ड. कॉलेजात खेळाचे एक सर होते. त्यांनी कुठून तरी हवा भरायचा एक बोर्ड मिळवला होता. बोर्ड म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांबट फळी. तिच्यावर ताठ उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मागे सारत पुढे जायचं. सर आम्हाला धरणावर घेऊन गेले. मुलं एकामागून एक धपाधप पडली. मी उभी राहिले ती राहिलेच.

"आधी केलंय का हे कधी?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले, "वखरावर."

सर यवतमाळ शहरातले, नोकरदार घरातले. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. पेरणीआधी जमीन भुसभुशीत करायला वखराला बैल जुंपतात. खालचं लोखंडी पातं जमिनीत नीट शिरावं म्हणून वखरावर वजन लागतं, आणि आमच्या घरी ते वजन मी होते. दोन्ही पाय शेजारी शेजारी, गुडघे सैल, हाताला धरायला बाबांचा सदरा. ढेकळांतून वखर उड्या मारत जायचा. त्यापुढे धरणाचं पाणी म्हणजे सारवलेलं अंगण होतं.

पुढची काही वर्षं मी धरणावर जात राहिले. मग सरांना कळलं की कोकणात समुद्रावर एक प्रशिक्षण केंद्र आहे. ते दर उन्हाळ्यात चाचणी घेऊन मुलंमुली निवडतात, वर्षभर ठेवून घेतात, लाटेवर बोर्ड चालवायला आणि इतरांना शिकवायला तयार करतात, आणि मग तिथेच कामावर घेतात. चाचणी खऱ्या लाटेत. बोर्ड ज्याचा त्याने आणायचा. वयाची अट होती, आणि त्या अटीत माझं ते शेवटचं वर्ष होतं.

म्हणजे संधी एकच होती. सरांचा हवेचा बोर्ड लाटेत चालणार नव्हता, तिथे कडक बोर्ड लागतो. तो समुद्राकाठीच मिळणार. तेव्हा चाचणीच्या थोडं आधी जायचं, बोर्ड निवडायचा, आणि त्याच्यावरच चाचणी द्यायची, असा बेत ठरला. त्याच आठवड्यात बाबांनी कापूस विकायला काढला. गाडी आली, खोली रिकामी झाली. इतक्या महिन्यांनी आतल्या भिंती दिसल्या आणि घरात आवाज घुमायला लागला. आईने चटणीभाकरीची शिदोरी बांधायला घेतली.

"मी येतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही कायले? वखरणी पडली आहे," मी म्हणाले.

"वस्तू घ्याची म्हणजे पाहून घ्या लागते. तू शिकली हायस, पण तू कधी बैल घेतला?"

घाट उतरून

पांढरकवड्याहून गाडी निघाली तेव्हा केळापूरच्या देवीच्या दिशेने बाबांनी हात जोडले. तिथून कोल्हापूरपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. उकाडा, गाड्या बदलणं, आणि बाबांचं प्रत्येक शेताकडे पाहून "पाणी हाय यांच्याकडं" म्हणणं. ऊस दिसू लागला तेव्हा तेही थांबलं.

घाट उतरायला लागल्यावर हवा बदलली. आमच्याकडे वैशाखात अंगावरचा घाम दिसायच्या आत वाळतो. इथे तो वाळतच नाही, अंगावर राहायला आल्यासारखा राहतो. गाडी एका वळणावर पाणी घ्यायला थांबली. बाबा उतरले आणि रस्त्याच्या कडेची लाल माती मुठीत घेऊन चुरू लागले.

"हे काय माती व्हय? विटेचा चुरा हाय हा," ते म्हणाले. "यात कापूस नाही यायचा."

"त्यांना नकोच आहे कापूस, बाबा."

"मंग कपडे कायचे घालते हे लोकं?"

ते असं काही बोलले की मला हसूही येतं आणि त्यांच्या बाजूने भांडावंसंही वाटतं. बाजूला एक मालवणी बाई टोपली घेऊन उभी होती. तिने पदर तोंडावर धरला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही हसले.

काकूंचं घर

मालवणच्या पुढे एका लहान गावात सरांच्या ओळखीने आमची राहायची सोय झाली होती. घरात एकट्या काकू राहायच्या, मुलगा मुंबईला. घर माडांच्या आत, आणि शेजारचं घर हाक ऐकू येणार नाही इतकं लांब. आमच्या गावात घराला घर लागून असतं, सकाळी कोणाकडे कशाची फोडणी पडली ते चार घरांना कळतं. बाबांना ते मोकळेपण सोसेना. ते दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "या बाईले काही झालं त कोणाले समजन?"

आईने काकूंसाठी आमच्याच कापसाच्या वाती वळून दिल्या होत्या. कवडी बाजूला काढून, चांगला कापूस वेचून. काकूंनी एक वात बोटात धरून पाहिली.

"तुमच्या शेतातलो कापूस ह्यो?"

"आमच्याच," बाबा म्हणाले. "हा बरा हाय. बाकीचा बरा नव्हता."

काकूंनी देवासमोर लगेच एक वात लावली. मग आम्हाला जेवायला वाढलं. भात, नारळ घातलेली भाजी, नारळ घातलेली आमटी, आणि कोकमाची गुलाबी कढी, तिच्यातही नारळ. बाबा सगळं जेवले. नंतर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "पाण्यात बी नारळ टाकते का वं हे?" आणि शिदोरीतली ज्वारीची भाकर काढून तिखट चटणीशी उभ्याउभ्या खाल्ली. काकूंना ते खिडकीतून दिसलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या ताटात शेजारी एक हिरवी मिरची आली.

पोहोचलो त्याच संध्याकाळी आम्ही समुद्र पाहायला गेलो. आमच्या दोघांचाही तो पहिलाच समुद्र. मी काय विचार केला ते मला आठवत नाही, बाबांचं मात्र सगळं आठवतं. त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, नदीला करतात तसा नमस्कार केला, ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. तेवढ्यात एक लाट आली आणि त्यांची एक चप्पल घेऊन गेली. ते बराच वेळ एका पायात चप्पल घालून पाण्याकडे पाहत उभे राहिले.

"इतकं पाणी," ते म्हणाले, "अन् एका रोपाच्या कामाचं नाही."

मी त्या वेळी लाटांकडे पाहायला हवं होतं. त्या कशा उभ्या राहतात, कुठे फुटतात, दोघींच्या मध्ये पाणी कसं वेडंवाकडं होतं. मी ती चप्पल शोधत होते.

खाडीवर

बोर्ड विकणारा सुहासदादा. खाडीच्या तोंडाशी त्याची पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये बोर्ड उभे करून ठेवलेले. त्याने माझं वजन विचारलं, किती वर्षं उभी राहतेस ते विचारलं, आणि पाणी कसलं ते विचारलं.

"धरणाचं," मी म्हणाले.

"आणि चाचणी?"

"लाटेतली."

त्याने एक पांढरा बोर्ड आडवा केला. नऊ फुटी. पुढचं नाक वर वळलेलं, टोक गोल, कडा पातळ, पोट रुंद, खाली तीन पंख. माझ्या उंचीपेक्षा थोडं जास्त असं वल्हं त्याने काढलं, धरणावरच्यापेक्षा आखूड. मग त्याने समजावलं, आणि ते मी इथे लिहिते, कारण कोणाला उपयोगी पडेल. समुद्र खळबळलेला असताना लांब बोर्ड एकाच वेळी दोन लाटांवर पडतो, एकीवर नाक आणि दुसरीवर शेपूट, आणि वळत नाही. नाक सपाट असेल तर लाट उतरताना ते पाण्यात घुसतं. म्हणून लाटेसाठी आखूड आणि वर वळलेला घ्यायचा. पण खळबळीत उभं राहायला आधार लागतो, म्हणून फार अरुंदही नको. नवख्याने रुंदी सोडू नये, लांबी सोडावी.

मी हे सगळं नीट ऐकलं. समजलंही. वाचूनही आले होते.

बाबांनी त्या नऊ फुटी बोर्डाभोवती एक फेरी मारली. हाताने दाबून पाहिला. मग कोपऱ्यातल्या दुसऱ्या बोर्डाकडे गेले. तो निळा, लांब, सडपातळ, पुढे होडीसारखा टोकदार.

"हा कायचा?"

"तो लांब पल्ल्याचा, काका. शांत पाण्यात पळतो. खाडीतलो आसा तो."

"हा जास्त दिवस पुरन."

"बाबा, तो लाटेचा नाही."

"तू काय जनमभर लाटेतच राहाणार हायस? वर्सभरानं येशीनच ना घरी? मंग धरणावर वैशूले बी होईन. दोघी मिळून बसल्या त तो लहान बुडन."

आमच्या घरात कोणतीही वस्तू कधी मापाची आली नाही. गणवेश पुढच्या इयत्तेचा, खालून दुमडलेला. सायकल अशी की माझे पाय टेकेपर्यंत मी आठवीत गेले. बूट घेतले तेव्हा टोकात कापूस कोंबून घातले, आणि माझ्या पायाला ते नेमके बसले त्या वर्षी ते वैशूला गेले. मापाची वस्तू घेणं म्हणजे आमच्याकडे एका वर्षात संपणारी वस्तू घेणं. हे चुकीचं होतं असं मी अजूनही म्हणत नाही.

सुहासदादाने मधली तोड काढली. "दोन्ही पाण्यात घालून बघा. आता खाडीत बघा, आणि चारच्या सुमाराला वारा उठला की बाहेर लाटेत बघा. मग ठरवा."

मी दोन्ही खाडीत घातले. सकाळचं पाणी तेलासारखं होतं. पांढरा बोर्ड गोल गोल फिरायचा, प्रत्येक वल्ह्याला नाक हलवायचा. निळ्यावर उभी राहिले आणि तो निघाला. इतका सरळ, इतका गुपचूप पळणारा बोर्ड मी पायाखाली घेतला नव्हता. सरांचा हवेचा बोर्ड त्यापुढे म्हैस होता. धक्क्यावर उभे असलेले बाबा मागे पडले, लहान झाले, आणि मी वळून आले तेव्हा ते टाळ्या वाजवत होते. बाबांना टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजच्या पदवीदान समारंभातही त्यांनी हात मांडीवर ठेवले होते.

मलाही तोच आवडला. बाबांवर सगळं टाकणं खरं होणार नाही.

तरी मी म्हणाले, "चार वाजता लाटेत बघू, मग ठरवू."

"तवा अमावस्या लागते," बाबा म्हणाले. "दुपारीच लागते. मी पाहून आलो. अमावस्येत नवी वस्तू घेत नाही आपण."

"मग उद्या?"

"उद्या अख्खा दिवस तेच. चाचणीबी उद्याच. घ्याचा त आता घ्या लागते."

सुहासदादा हसला. चेष्टेने नाही. "आमच्याकडे अमावस्येला उधाण येतं, काका. पाणी सगळ्यात जास्त चढतं. म्हणून तर चाचणी त्या दिवशी ठेवतात."

"आमच्याकडं अमावस्येले बोंडअळीचे पतंग अंडी घालते," बाबा म्हणाले. "फवारणी करा लागते. कोणाची अमावस्या चांगली नाही."

यावर ते दोघे एकमेकांशी फार जुन्या ओळखीसारखे बोलू लागले. पतंग किती, माशांची जाळी त्या दिवशी कशी फाटतात, कोणाचे वडील काय सांगायचे. मी मध्ये ओली उभी होते. मी बी.एस्सी. आहे. अमावस्येचं पाणी का चढतं हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं आहे. मला बाबांना सांगता आलं असतं की अमावस्येने बोर्ड बिघडत नाही. नेहमी सांगते. गावात मला त्यासाठीच तोंडाळ म्हणतात.

पण रिकामी खोली डोळ्यांपुढे आली, आणि बाबांच्या त्या टाळ्या. शिवाय मनात आलं, आज पोरीसाठी म्हणून त्यांनी अमावस्येत वस्तू घेतली, आणि उद्या मी पडले, तर ते जन्मभर ती अमावस्याच धरून बसतील. निळा आताच घेतला तर निदान ते एक राहणार नाही.

"निळा घेऊ," मी म्हणाले.

सुहासदादाने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग बोर्ड फडक्याने पुसला. बाबांनी नारळ फोडायला जागा विचारली.

समुद्र

सकाळी पाणी किती वर आलं होतं ते सांगते. बाबांची चप्पल गेली ती जागा दिसतच नव्हती. वाळूवरच्या होड्या ओढून पार माडांपर्यंत नेल्या होत्या. वारा पश्चिमेकडून, आणि समुद्राला एक दिशा नव्हती. मोठ्या लाटा येत होत्या, त्यांच्या पाठीवर लहान लाटा, आणि किनाऱ्यावर आपटून परत जाणारं पाणी त्यांना आडवं येत होतं. नांगरलेल्या वावरात आडवा वखर घातल्यासारखं सगळं.

आलेली मुलंमुली बहुतेक किनाऱ्यावरचीच होती. सगळ्यांचे बोर्ड आखूड आणि नाक वर केलेले. माझा निळा त्यांच्यात उंटासारखा दिसत होता. एका मुलीने विचारलं, "ह्या घेवन तू भायर जातलंस?" टोमणा नव्हता, तिला काळजी वाटली होती. मी म्हणाले, "जाते की."

प्रत्येकाला तीन लाटा. उभं राहून लाट घ्यायची आणि किनाऱ्यापर्यंत आणायची.

पायाला दोरी बांधून मी आत गेले. आत जाणंच कठीण गेलं. लांब बोर्ड वाऱ्याने आडवा व्हायचा, आणि आडवा झाला की लाट त्याला दरवाजासारखं ढकलून द्यायची. तरी गेले. दम माझ्यात होता, त्यात कमी नव्हती. पहिली लाट मागून आली, मी वल्हं मारलं, बोर्ड वर उचलला गेला, आणि एक क्षण मला खाडीतल्यासारखंच वाटलं. मग समोरचा उतार दिसला. बोर्डाचं टोकदार नाक सरळ पाण्यात घुसलं, सुरी कलिंगडात जाते तसं. मी पुढे फेकले गेले. वर आले तेव्हा नाकातोंडात खारं पाणी आणि पायाच्या दोरीला तो निळा हिसके देत होता.

दुसऱ्या वेळी मी वळायला गेले. बोर्ड वळला नाही. मी वळले.

तिसऱ्या वेळी मला कळत होतं काय करायला हवं. पाय शेजारी शेजारी ठेवून लाट उतरता येत नाही. एक पाय मागे टाकायचा, शेपटीवर वजन द्यायचं, म्हणजे नाक उचलतं. नऊ फुटी बोर्डावर ते एका पावलात होतं. माझ्या बोर्डाची शेपूट लांब होती, तिथपर्यंत चालत जावं लागणार होतं. मी मागे सरकायला लागले, आणि पोहोचायच्या आत लाट माझ्या खालून निघून गेली. माझ्याशिवाय किनाऱ्याला लागली.

नावं वाचून दाखवली. माझं नव्हतं. ज्या मुलीने विचारलं होतं तिचं होतं. ती माझ्याजवळ येऊन काही बोलणार होती, पण तिच्या घरच्यांनी तिला ओढून नेलं.

बाबा वाळूत बसले होते, डोक्यावर टॉवेल. त्यांना वाचलेलं ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं असेल. मी त्यांच्याकडे गेले नाही. गेले असते तर त्यांनी विचारलं असतं. मी बोर्ड उचलला आणि परत पाण्यात गेले.

का गेले ते मला चांगलं माहीत आहे. मला त्या बोर्डाचा राग आला होता, आणि तो बोर्ड आमच्या खोलीभर कापसाचा होता. त्याला तसाच वाळूत टाकून मी घाट चढू शकत नव्हते.

या वेळी मी लाट येण्याआधीच मागे सरकून उभी राहिले. पुढचं नाक हवेत, बोर्ड जागेवर डुलत, मी कशीबशी तोल धरून. असं कोणी उभं राहत नाही. दोन लाटा हुकल्या. मग एक आली, फार मोठी नाही. वल्हं मारता मारता वाटलं की हीही जाते, आणि ती गेली नाही. नाक वरच राहिलं. उतार आला, उतार संपला, बोर्ड सरळ पळत सुटला. वळवायला मला येत नव्हतं, म्हणून वळवलाच नाही. फेसातून तसाच सरळ किनाऱ्यापर्यंत आला आणि वाळूला लागून थांबला. मी उभीच होते. मग मी भिजलेल्या वाळूवर पाय ठेवला.

बाबा उठून आले होते. त्यांनी बोर्डाचं एक टोक धरलं.

"आता पडली नाही तू?"

"नाही."

ते वळून पाहायला लागले. वर माडांखाली केंद्राची माणसं तंबूच्या दोऱ्या सोडत होती. टेबल घडी करून गाडीत टाकत होती.

"मंग हे लोकं चालले काहून?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. बोर्ड काकूंच्या घरापर्यंत आम्ही दोघांनी उचलून नेला, ते पुढे आणि मी मागे. फाटकाशी त्यांनी तोंड न वळवता विचारलं, "बोर्ड त चांगला व्हता ना?"

"बोर्ड चांगला होता," मी म्हणाले. "समुद्रच वाईट होता."

परत

बोर्ड गाडीच्या टपावर बांधताना प्रत्येक ठिकाणी वाद झाला. एक कंडक्टर म्हणाला, "विमानाचा पंख घेऊन चालले का काका?" बाबा म्हणाले, "हो, बाकीचं विमान मागून येऊन राह्यलं." ते परतीच्या वाटेवर असे बोलत होते, मला हसवायला. मी हसतही होते.

घरी आईने बोर्ड अंगणात ठेवून घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि त्याच्या लांबीकडे पाहून म्हणाली की याच्यावर दोन घरचे पापड वाळतील. काकूंनी दिलेली कोकमं तिने डब्यात भरली आणि ती कशी वापरायची ते मला विचारत राहिली. वखरणी राहिली होती. बाबा दुसऱ्याच सकाळी बैल घेऊन वावरात गेले.

गावात बाबा आजही सांगतात की समुद्र फार वाईट, माणसाला उभं राहू देत नाही. पारावर लोक विचारतात, तेव्हा ते चप्पल गेल्याचंही सांगतात, आणि लोक हसतात. मी तिथे असले तरी काही बोलत नाही. खरं सांगायची वेळ खाडीवर होती, पांढरा बोर्ड आडवा पडलेला असताना. नंतर सांगितलं असतं तर ते फक्त त्यांना लागलं असतं, आणि मला काही मिळालं नसतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्यांनी ऐकलं असतं. बाबा हट्टी नाहीत. मी एकदा जोराने म्हटलं असतं, तर त्यांनी देवाला हात जोडून चार वाजेपर्यंत वाट पाहिली असती.

पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसत नव्हते. केंद्राला पत्र लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही. मी पांढरकवड्याला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सुट्टीच्या दिवशी धरणावर जाते. वैशू आणि तिच्या मैत्रिणी निळ्या बोर्डावर उभ्या राहतात, पडतात, पुन्हा उभ्या राहतात. शांत पाण्यात तो अजूनही उत्तम पळतो. त्यांच्यातली एखादी विचारते, समुद्रावर कसं असतं. मी सांगते: बोर्ड आखूड घ्या, नाक वर वळलेला घ्या, आणि लाटेत घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका, तिथी कोणतीही असो.

माझी निवड झाली नाही. समुद्रावर मी एक लाट उभ्याने घेतली आणि किनाऱ्यापर्यंत आणली.